आगरातलं कांतार

पायपेटीचा भाता फाटला म्हणून मला बोलावलं.
मिठागराच्या बांधावरचं कोपेल, बाक मोजून अकरा,
भिंतीला खारं लागून चुना सुटलेला,
दारात साक्रिस्तांव बोस्त्यांव, कमरेला चाव्या.
म्हणाला, "च्यारी, दुसऱ्या कडव्यात हिचा दम जातो."

पेटी उघडली. आत झुरळांची अंडी,
तेर्साच्या माळेचा एक मणी,
भात्याच्या घडीला बोटभर चीर.
शेळीचं कातडं कापता कापता विचारलं,
दुसऱ्या कडव्यातच का?

तो लगेच सांगेना.
आधी मेणबत्त्यांचे बुडखे खरवडून डब्यात भरले.

हे कांतार फक्त इथंच गातात, मे संपताना.
बाकी सगळे पाऊस मागतात.
आगरातला माणूस तेव्हा आभाळाकडे बघतो
अवेळी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसा:
ये, पण आज नको.

शब्द मेस्त कुस्तोदियोचे, चाल त्याच्या व्हायोलिनची,
आवाज प्रुदेंसचा.
ती मिठाच्या टोपल्या वाहायची, सहीच्या जागी अंगठा.
मेस्त ओळ वाजवायचा, ती ऐकून परत द्यायची,
उसनं भांडं घासून द्यावं तशी.

"सायबिणी, पावसाक सांग, मात्सो राव,
आमचें मीठ अजून उदकांत."

राव. थांब.
त्या वर्षी नेमका त्या शब्दावर तिचा श्वास संपला.
मेस्तने गज तारेवर तसाच धरला.
लोकांना वाटलं, असंच असेल.
सगळं कोपेल गप्प.
बाहेर खाडीवर आलेला ढगसुद्धा

"थांबला?" मी विचारलं.

बोस्त्यांव हसला. वरचे दोन दात नव्हते.
"थांबतो कसला? कोसळला.
एका रात्रीत बत्तीस राशी विरघळल्या.
सकाळी आगरात नुसतं पाणी,
त्यात उलटं कोपेल, खुरसासकट.
भाटकाराने तरी आपला वाटा मागितलाच."

नाताळ यायच्या आत प्रुदेंस गेली.
पुढच्या मे महिन्यात तिच्या जागी तीन पोरी उभ्या राहिल्या,
'राव'पाशी आल्या, आणि थांबल्या.
कुणी शिकवलं नव्हतं.
मेस्तच्या वहीत तिथं काहीच नाही,
सूर सरळ पुढे गेलेत.

फादर एल्विनो नवीन आले तेव्हा त्यांनी वही दाखवली,
ही चूक आहे म्हणाले.
दोन रविवार हात हलवून तालीम घेतली,
लोक हाताबरोबर नीट गायले.
फेस्ताच्या दिवशी थांबले.
फादरचा हात वर तसाच राहिला,
कुणाला तरी बोलावल्यासारखा.

आता मीठ तिघेच काढतात.
बाकीच्या आगरात कोळंबी, रात्रंदिवस पंप.

कातडं चिकटलं, सुकलं.
बोस्त्यांवची नात झेलिया पेटीवर बसली.
भाता भरला. दुसरं कडवं आलं.
हवा होती, भरपूर होती,
मी स्वतः कान लावून बघितली.
'राव'वर तिने बोटं उचलली.

तेवढ्यात पंप ऐकू आला.
मग खारफुटीतून वारा.
मग कुणाच्या तरी गुडघ्याचं हाड.
मग तिने बोटं ठेवली.

मी आयुष्यभर फटी बुजवतो,
ही कुठून बुजवायची मला कळलं नाही,
कळलं असतं तरी हत्यारं पिशवीतच होती.

मजुरी घेतली. वर पिशवीभर मीठ,
जाडं, करडं, अजून ओलसर.
घरी बायकोने डाळीत मूठ सोडत विचारलं,
"पुरो?"

मी म्हटलं, "राव,"
आणि पुढचं बोलायला
मला जरा वेळ लागला.